वर्तमानपत्रातील हसऱ्या चौकटी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की निकाल, हजेरी आणि शिस्त हे विषय ठरलेलेच असतात. त्यांवर अधिकाराने बोलणारी वडीलधारी मंडळी आज व्यासपीठावर आहेत. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. वर्तमानपत्रात चार-सहा चौकटींत हास्यचित्रांची गोष्ट असते, जिला इंग्रजीत कॉमिक स्ट्रिप म्हणतात, तिच्या बाल्यावस्थेबद्दल मी बोलणार आहे. मेळाव्यात हा पोरखेळ कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. तसे मलाही एकेकाळी वाटत होते आणि त्यापायी माझ्या हातून एक चूक घडली. आधी तीच सांगतो.

बी.एड. होऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात कच्चा. धडा वाचायला उभा केला की ओळीवर बोट ठेवून अडखळायचा. त्याचे वडील मला म्हणाले होते, "सर, पोरगा दिवसभर चित्रं काढत बसतो. तुमच्या हाती सोपवला आहे, सुधारा त्याला." एके दिवशी तास चालू असताना मागच्या बाकावर खसखस पिकली. जाऊन पाहतो तर त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझे चित्र! चष्मा, दाढी, मोठे नाक, सगळे हुबेहूब. मी ते पान टरकावले, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. तास संपल्यावर शेजारचा मुलगा भीत भीत म्हणाला, "सर, तो कागद उलटा धरला असता तर चहाची किटली दिसली असती."

मंडळी, मी कागद सरळच धरला होता.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेतील जुन्या वर्तमानपत्रांतील हास्यचित्रांचा एक संग्रह माझ्या हाती आला. त्यात गुस्ताव व्हर्बीक नावाच्या चित्रकाराची पाने पाहिली आणि मला ती किटली आठवली. या व्हर्बीकचा जन्म १८६७ साली जपानमधील नागासाकी येथे एका डच मिशनऱ्याच्या घरी झाला. १९०३ ते १९०५ या काळात 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वर्तमानपत्रात तो दर आठवड्याला एक चित्रकथा देत असे. तिच्यात दोनच मुख्य पात्रे होती, एक म्हातारबुवा आणि एक छोटी मुलगी. जागा मिळे सहा चौकटींची, पण गोष्ट असे बारा चौकटींची. सहा चौकटी वाचून झाल्या की वर्तमानपत्र उलटे धरायचे आणि त्याच सहा चौकटी पुन्हा वाचायच्या. आता म्हातारा असे तिथे मुलगी दिसे आणि मुलगी असे तिथे म्हातारा. गोष्टही पुढे सरकलेली असे. ज्या रेषांनी एक माणूस काढला, त्याच रेषांतून दुसरा निघायचा.

त्यातील एक चौकट तर जगप्रसिद्ध आहे. म्हातारबुवा होडीत बसून एका बेटाजवळ आले आहेत आणि एक प्रचंड मासा शेपटी आपटत त्यांच्यावर चाल करून आला आहे. पान उलटे करा. बेट म्हणजे एका महाकाय पक्ष्याचे धड होते आणि त्याने त्या मुलीला चोचीत उचललेली दिसते. हा पक्षी कोणता, ठाऊक आहे? आपल्या अलिफ लैलातील सिंदबादच्या गोष्टीतला रुख! बगदादच्या गोष्टीतला पक्षी जपानात जन्मलेल्या डच माणसाच्या लेखणीतून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात उतरला. अशा चौसष्ट चित्रकथा व्हर्बीकने काढल्या. आठवड्याला एक उलटसुलट गोष्ट जुळवायची, तीही छापखान्याच्या वेळेत! हे काम रिकामटेकड्याचे नव्हे.

आता ही हास्यचित्रे जन्मली कशी ते थोडक्यात पाहू. १८९० नंतरच्या न्यूयॉर्कमध्ये जर्मनी, इटली, आयर्लंड, रशिया अशा देशांतून आलेली गरीब माणसे दाटीवाटीने राहत होती. पुष्कळांना इंग्रजी धड वाचता येत नव्हते. त्याच सुमारास वर्तमानपत्रांना रंगीत छपाईची यंत्रे मिळाली आणि रविवारच्या रंगीत पुरवण्या निघू लागल्या. 'न्यूयॉर्क वर्ल्ड'चे मालक जोसेफ पुलित्झर हे स्वतः हंगेरीतून आलेले. त्यांच्या पत्रात १८९५ पासून रिचर्ड आउटकॉल्ट यांची गरीब वस्तीतील पोरांची चित्रे येऊ लागली. त्यांतला एक पोरगा लोकांना फार आवडला. डोक्याचा तुळतुळीत गोटा, मोठे कान आणि अंगात पायघोळ सदरा. सदरा पिवळ्या रंगात छापला जाऊ लागला आणि पोराचे नाव पडले 'यलो किड', म्हणजे पिवळा पोर.

त्याची गंमत अशी की तो तोंडाने बोलत नसे. त्याचे बोलणे त्याच्या सदऱ्यावर लिहिलेले असे, तेही गल्लीतल्या अशुद्ध इंग्रजीत. कपडा हीच त्याची पाटी! १८९६ साली विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी जास्त पैसे देऊन आउटकॉल्टला आपल्या 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये नेले. पुलित्झर यांनी दुसरा चित्रकार बसवून आपल्याकडचाही पिवळा पोर चालूच ठेवला. एका शहरात दोन पिवळे पोर! सनसनाटी पत्रकारितेला इंग्रजीत 'पिवळी पत्रकारिता' म्हणतात. ते नाव या पोराच्या भांडणावरूनच पडले, असे सांगतात.

२५ ऑक्टोबर १८९६ च्या 'जर्नल'मध्ये पिवळ्या पोराची फोनोग्राफची एक चित्रमाला आली. फोनोग्राफ तेव्हा नवलाईची वस्तू होती. पोर शेजारी उभा आहे आणि यंत्रातून त्याच वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीची स्तुती ऐकू येते आहे. शेवटच्या चित्रात पेटीतून बाहेर येतो एक पोपट! इतका वेळ तोच बोलत होता. आश्चर्याने पोर मागे कोलमडतो आणि सदऱ्याऐवजी तोंडातून निघालेल्या फुग्यात बोलतो. चित्रांची रांग, फुग्यातले बोलणे आणि शेवटी फजिती, हे सगळे एकाच पानावर जमून आले. वर्तमानपत्राने आपल्याच जाहिरातबाजीची थट्टा केली, हे वेगळेच.

पुढल्याच वर्षी, १२ डिसेंबर १८९७ रोजी, रुडॉल्फ डर्क्स या वीस वर्षांच्या तरुणाने 'काट्झेनयामर किड्स' ही माला सुरू केली. डर्क्स लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आलेला. हान्स आणि फ्रिट्झ ही त्याची जुळी उपद्व्यापी पोरे. विल्हेल्म बुश यांच्या १८६५ सालच्या 'माक्स उंड मोरिट्झ' या जर्मन चित्रकथेवरून त्याला ती सुचली. आज मार लागला म्हणजे डोक्याभोवती तारे काढतात, कोणी पळाला तर मागे रेघा आणि धुळीचे ढग काढतात, घोरणे दाखवायला लाकूड कापणारी करवत काढतात. अशा खुणा त्या काळातील चित्रकारांनी रूढ केल्या. विद्यार्थी मित्रांनो, ही एक लिपीच आहे. वेदनेला आकार नाही आणि वेगाला रंग नाही, तरी ते कागदावर दाखवायचे कसे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. आपण ही लिपी इतक्या सहज वाचतो की ती शिकलो कधी, हेही आठवत नाही.

आता या खेळातला उस्ताद, विन्सर मॅके. त्याची एक माला होती शिंकणाऱ्या सॅमीची. ती १९०४ साली सुरू झाली. गोष्ट दर आठवड्याला तीच. चार चौकटींत सॅमीची शिंक जमत येते, पाचवीत सुटते आणि आजूबाजूचे सगळे उधळून लावते. कधी जेवणाचे टेबल, कधी दुकान. सहावीत लोक त्याला लाथ मारून हाकलतात. वाचकाला सगळे आधीच ठाऊक असे आणि तरीही तो हसे. मग २४ सप्टेंबर १९०५ रोजी मॅकेने काय केले पाहा. त्या दिवशी चौकटीत सॅमीशिवाय काहीच नव्हते, ना टेबल ना दुकान. शिंकेने मोडायचे तरी काय? पाचव्या चित्रात सॅमी शिंकला आणि ज्या काळ्या रेघांच्या चौकटीत तो बसला होता ती चौकटच फुटली! सहाव्या चित्रात पोरगा चौकटीच्या तुकड्यांत बापुडवाणा बसलेला.

थोडा विचार करा. चौकट ही गोष्टीतली वस्तू नाही. ती छापण्याच्या सोयीची रेघ. आपण तिच्याकडे कधी पाहतही नाही. मॅकेने ती मोडून दाखवली तेव्हा लोकांना कळले की अरे, इथे एक चौकट होती! मी ज्या खेळाविषयी बोलतो आहे तो हाच. या मंडळींचा विनोद नुसता शब्दांत नव्हता आणि नुसता गोष्टीतही नव्हता. कागद, रेघ, चौकट, फुगा, मथळा हे सगळे त्यांनी खेळात ओढले. आणि तो विनोद कळायला पाहावे लागते, नीट, सावकाश.

याच मॅकेने १५ ऑक्टोबर १९०५ पासून 'लिटल निमो' ही माला सुरू केली. निमो नावाचा मुलगा रोज रात्री स्वप्नांच्या देशात जातो आणि शेवटच्या छोट्या चौकटीत जागा होतो, बहुधा पलंगावरून पडून. २६ जुलै १९०८ च्या पानावर त्याच्या पलंगाचे पाय लांब लांब वाढत जातात आणि पलंग शहरातून घरांवरून चालू लागतो. जसजसे पाय वाढतात तसतशा पानावरच्या चौकटीही उंच होत जातात. दुसऱ्या एका पानात निमो आणि त्याचे सोबती इतके भुकेले होतात की वर छापलेल्या मथळ्याची अक्षरेच ओढून खाऊ लागतात. मॅके नाट्यगृहांतूनही खेळ करी. फळा आणि खडू घेऊन उभा राहायचा आणि दोन चेहरे बाळपणापासून म्हातारपणापर्यंत बदलत न्यायचा. खडू-फळ्यावर पोट भरणारा मी माणूस, मला त्याचा हेवा वाटतो.

शिक्षकांचा या कलेशी संबंध तेवढाच नाही. वर्तमानपत्रांच्याही आधी युरोपात चित्रांची रांग लावून विनोदी गोष्ट सांगणारा रोडॉल्फ टॉपफर (१७९९ ते १८४६) हा जिनीव्हामधील शाळामास्तरच होता. त्याला चित्रकार व्हायचे होते, पण डोळ्यांच्या विकारामुळे जमले नाही. तो वसतिगृहाची शाळा चालवी आणि मुलांच्या करमणुकीसाठी चित्रकथा काढी. महाकवी गटे यांनी त्या वह्या पाहून कौतुक केले. तरी त्या छापायला मास्तर बराच काळ संकोचत होता, कारण लोक काय म्हणतील! दोनशे वर्षे होत आली, आपला संकोच तसाच आहे.

लोकांनीही त्या चित्रांना कमी नावे ठेवली नाहीत. मुले बिघडतात, वडीलधाऱ्यांचा मान राहत नाही, वाचनाची गोडी जाते, असे अमेरिकेतील पालक, शिक्षक आणि धर्मगुरू म्हणू लागले. १९०८ साली 'बॉस्टन हेरल्ड'ने आपली हास्यचित्रांची पुरवणीच बंद करून टाकली. आज मोबाइलबद्दल आपण जे बोलतो, काहीसे तसेच. मी त्या पालकांना हसत नाही. मुलांची काळजी ही खरी गोष्ट आहे. आणि त्या पानांत नाव ठेवण्यासारखे काही नव्हते असेही नाही.

ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या काळातील पुष्कळ हास्यचित्रे माणसाच्या जातीवर, रंगावर आणि बोलण्याच्या ढबीवर हसत. आयरिश म्हणजे दारुडा नाही तर मूर्ख, ज्यू म्हणजे कंजूष, चिनी म्हणजे लबाड, आणि काळ्या माणसाचे तर ओठ-डोळे असे काढायचे की माणूसपण उरू नये. मी ज्याची एवढी स्तुती केली त्या मॅकेच्या निमोबरोबरही असाच एक काळा मुलगा आहे. ते चित्र पाहताना आज शरम वाटते. हाताला एवढी कला असूनही नजर तेवढी कोती राहू शकते.

हे दुःख आपल्याला परके नाही. सिनेमात किंवा गमतीच्या एखाद्या चित्रफितीत टोपीवाला, दाढीवाला माणूस आला की त्याने तोंड उघडण्याआधीच हसायचे, हे आपल्या मुलांनी पाहिले आहे. तेव्हा ती कशी गप्प होतात तेही मी पाहिले आहे. पण खरे सांगायचे तर आपणही दुसऱ्याच्या बोलीवर, गावावर, व्यंगावर हसतोच. म्हणून मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावावी : हे हसू कशाचे आहे? चौकट मोडली म्हणून आले, की कुणाचे तरी मन मोडले म्हणून?

या संदर्भात जॉर्ज हेरिमन या चित्रकाराची हकिगत मनाला लागते. १९१० साली तो एका बिऱ्हाडाच्या भांडणांची चित्रमाला काढत होता. तिच्या तळाशी थोडी जागा उरे. तिथे त्याने एक मांजर आणि एक उंदीर काढायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर माणसांची गोष्ट आणि खाली, जोत्याखाली असावी तशी, जनावरांची. ती तळमजल्यावरची भाडेकरू मंडळी इतकी लोकप्रिय झाली की १९१३ साली त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. तीच 'क्रेझी कॅट'. गोष्ट साधी आहे. उंदीर मांजरीला वीट मारतो आणि मांजर ती प्रेमाची खूण समजते. त्या मांजरीवर जीव असलेला एक कुत्रा पोलीस आहे, तो उंदराला तुरुंगात टाकतो. वर्षानुवर्षे एवढेच. पण मागचे देखावे पाहा! पात्रे जागच्या जागी उभी राहून बोलत असतात आणि एका चौकटीत मागे डोंगर, दुसरीत झाड, तिसरीत भिंत. झाड कुंडीत लावलेले. चंद्राचा आकार वाटेल तसा. कोणतेही पात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पाहणाऱ्याच्या लक्षात आले तर आले. बऱ्याच वाचकांना हे समजत नसे, पण मालक हर्स्ट यांनी ती माला १९४४ साली हेरिमनच्या मृत्यूपर्यंत चालू ठेवली.

हेरिमनचा जन्म १८८० सालचा, न्यू ऑर्लिन्स शहरातला. तो गोरा म्हणून जगला. १९७१ साली त्याच्या जन्माची नोंद एका अभ्यासकाच्या हाती लागली. त्या नोंदीत वंशाच्या जागी 'कलर्ड', म्हणजे काळ्या वंशाचा, असे लिहिलेले होते. आपण कोण आहोत हे ज्याला आयुष्यभर उघड बोलता आले नाही, त्याने असे जग काढले जिथे मागचा देखावा क्षणाक्षणाला बदलतो आणि तरी वीट खाणारी मांजर प्रेम सोडत नाही. यातून काय अर्थ काढायचा तो ज्याने त्याने काढावा. मला एवढेच दिसते की त्याचे विनोद कुणाला लहान करत नाहीत.

आता घरगुती उदाहरण देतो, म्हणजे भगिनींनाही विषय दूरचा वाटणार नाही. जॉर्ज मॅकमॅनस यांच्या १९१३ साली सुरू झालेल्या मालेत एक आयरिश मजूर लॉटरीत श्रीमंत होतो. बायकोला मोठ्या लोकांत मिसळायचे असते, नवऱ्याला जुन्या मित्रांबरोबर खानावळीत कोबी-गोश्त खायचे असते. चोरून गेला की परत आल्यावर बायकोच्या हातात लाटणे! लाटण्याचा हा उपयोग आपल्याकडेच निघाला असे समजू नये. पण हे जोडपे भांडत असताना मागच्या भिंतीकडेही पाहावे. तिथे टांगलेल्या तसबिरींतली माणसे हळूच हलू लागतात, कधी चौकटीबाहेर डोकावतात. भांडण ऐकायला भिंतीसुद्धा जाग्या! घाईने वाचणाऱ्याला फक्त लाटणे दिसते. थांबून पाहणाऱ्याला एका विनोदाच्या पैशांत दोन मिळतात.

मंडळी, माझे म्हणणे एवढेच आहे. जो मुलगा दोन चौकटींत काय बदलले हे ओळखतो, तो वाचतोच आहे. आधी काय झाले असेल आणि पुढे काय होईल हे तो मनात जुळवतो. धड्यातल्या दोन वाक्यांमधला न लिहिलेला अर्थ याच सवयीने कळतो. चित्रे पुस्तकाची जागा घेतील असे मी म्हणत नाही. पण जो मुलगा अक्षरांच्या दारात अडखळतो, त्याला चित्रांच्या खिडकीतून आत घेता येते. मी ती खिडकी बंद केली, तीही पान फाडून.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्हाला वाटत असेल. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. गेल्या वर्षी तालुक्याच्या बाजारात चष्म्याच्या दुकानावर एक पाटी पाहिली. दुकानाच्या नावाचे पहिले अक्षर अगदी धूसर, दुसरे जरा कमी, असे करत शेवटचे अक्षर लख्ख. मी रस्त्यात उभा राहून हसलो. आत चौकशी केली तर फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाचा पत्ता मिळाला, आणि तिथे संगणकासमोर तोच बसलेला. "सर, सलाम," म्हणत उठला, चहा मागवला. मी त्या फाडलेल्या पानाबद्दल बोललो. तो म्हणाला, "सर, मला नाही आठवत." खरोखर आठवत नव्हते की माझा मान ठेवला, कोण जाणे. चहा किटलीतूनच आला. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिले आणि तो हळूच हसला, म्हणजे आठवत असावे.

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात सूचनाफलकाशेजारी एक फळा रिकामा असतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने या वर्षापासून तिथे दर शनिवारी मुलांनी काढलेली एक चित्रमाला लावायचे ठरवले आहे. अट एकच, हसू कुणाला दुखवून आणायचे नाही. पालकांना विनंती आहे की शाळेत याल तेव्हा त्या फळ्यापुढे दोन मिनिटे थांबा. आणि घरी मुलाच्या वहीचे शेवटचे पान हाती लागले तर रागावण्यापूर्वी एकदा उलटे धरून पाहा.